हिरवळ कापणी यंत्र, आसनयुक्त : असमान कापणीचे निदान

उद्याने, क्रीडांगणे व घरांसभोवतालच्या मोकळ्या जागा यांतील गवत ठराविक उंचीवर एकसारखे कापण्यासाठी हिरवळ कापणी यंत्र वापरतात. चालकाला बसण्याची सोय असलेले, एंजिनाने चालणारे चार चाकी यंत्र हा त्याचा एक प्रकार होय. अशा यंत्राने कापलेल्या हिरवळीवर पायऱ्या, न कापलेल्या गवताच्या रेघा किंवा खरवडल्यासारखी ठिकाणे दिसू लागली, म्हणजे कापणी असमान झाली असे म्हणतात. दोष पात्यातच असावा अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु पुष्कळदा तो चाकांतील हवेच्या दाबात किंवा यंत्र चालविण्याच्या पद्धतीत आढळतो. हिरवळीवर उमटलेल्या खुणेवरून दोषाचे स्थान बव्हंशी निश्चित करता येते.

पूर्वेतिहास : गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील स्ट्राउड गावाजवळ एडविन बिअर्ड बडिंग यांनी तयार केले व १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली. या यंत्रात फिरत्या रुळावरील वक्र पाती एका स्थिर पात्यालगत फिरून कात्रीप्रमाणे गवत कापीत. इंग्लंडमधील रॅन्सम्स कंपनीने १९०२ मध्ये पेट्रोल एंजिनावर चालणारे यंत्र विक्रीस आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उपनगरांची वाढ झाली आणि मोठ्या अंगणांसाठी आसनयुक्त यंत्रांचा प्रसार झाला. यांत बहुधा आडव्या पातळीत फिरणारी पाती असतात.

रचना व कार्य : पुढील व मागील चाकांच्या मध्ये पोलादी पत्र्याचे एक उपडे कवच टांगलेले असते. त्यात उभ्या दंडांवर बसविलेली दोन किंवा तीन पाती असतात. एंजिनाची शक्ती पट्टा व कप्प्या यांच्या द्वारे या दंडांना मिळते. [→ अंतर्ज्वलन-एंजिन]. पात्याच्या दोन्ही टोकांना धार असून धारेमागील कड वर वळविलेली असते. त्यामुळे पाते पंख्याप्रमाणे हवा वर ओढते, गवत ताठ उभे राहते व धारेच्या आघाताने कापले जाते. येथे स्थिर पाते नसल्याने वेग आवश्यक असतो. ५३ सेंमी. लांबीचे पाते मिनिटास ३,००० फेरे करीत असल्यास त्याच्या टोकाचा वेग सेकंदास सु. ८३ मी. असतो. समान कापणी तीन गोष्टींवर अवलंबून असते : कवचाची पातळी, पात्यांची स्थिती आणि पात्यांचा वेग व त्यामुळे निर्माण होणारा हवेचा झोत.

खुणांवरून निदान : दोष जमिनीत आहे की यंत्रात, हे प्रथम ठरवावे लागते. यंत्र पहिल्या दिशेशी काटकोनात चालवून पाहावे. खूण त्याच जागी राहिली तर जमीन उंचसखल आहे आणि खूण यंत्राबरोबर सरकली तर दोष यंत्रात आहे, असे समजावे.

यंत्रातील दोषांच्या मुख्य खुणा पुढीलप्रमाणे असतात. (१) कापलेल्या पट्ट्याची एक बाजू उंच व दुसरी ठेंगणी राहून शेजारच्या पट्ट्यांच्या सीमेवर पायरी दिसते. चाकांतील हवेचा असमान दाब किंवा कवच एका बाजूस कलणे ही याची कारणे होत. (२) एकाच पट्ट्याच्या आत पायरी दिसते. अशा वेळी एखादे पाते किंवा त्याचा दंड वाकलेला असतो. (३) दोन पात्यांच्या मधोमध न कापलेल्या गवताची अरुंद रेघ राहते. पात्यांच्या फिरण्याच्या कक्षा एकमेकींवर थोड्या येतील अशी योजना असते; टोके झिजून पाती आखूड झाली किंवा यंत्र एकदम वळविले, तर हे आच्छादन कमी पडते. (४) उंचवट्यांवर गवत मुळापर्यंत खरवडले जाते. कापणीची उंची फार कमी असणे किंवा कवचाची लहान रक्षक चाके चुकीच्या उंचीवर असणे हे याचे कारण होय. (५) सर्वत्र गवताचे तुरळक झुबके उरतात. याचा अर्थ हवेचा झोत अपुरा आहे. कवचात गवताचा थर साचणे, पट्टा घसरणे, एंजिन मंद चालणे, यंत्र फार वेगाने पुढे नेणे, गवत ओले असणे किंवा पाते उलटे बसविले जाणे यांमुळे असे होते. (६) गवताची टोके चिरफाटून नंतर तपकिरी पडतात. हे बोथट धारेचे लक्षण होय.

तपासणीचा क्रम : कवचाखाली हात घालण्यापूर्वी एंजिन बंद करून हातरोधक लावावा, किल्ली काढून घ्यावी व ठिणगी गुडदीची तार सोडवावी. एक पाते हाताने फिरविले असता पट्ट्यामुळे शेजारचे पातेही फिरते, म्हणून जाड हातमोजे वापरावेत. यंत्र उचलावयाचे झाल्यास केवळ जॅकवर विसंबू नये. खाली भक्कम ठोकळे द्यावेत.

सर्वप्रथम चारही चाकांतील हवेचा दाब निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे करावा. कवचाची उंची चाकांवर अवलंबून असल्याने हे केल्यावाचून घेतलेली सर्व मापे निरर्थक ठरतात. नंतर यंत्र सपाट, टणक जमिनीवर उभे करून पाती आडवी फिरवावीत आणि दोन्ही बाजूंच्या बाहेरील टोकांची जमिनीपासूनची उंची मोजावी. फरक सु. ३ मिमी. पेक्षा जास्त असल्यास कवच टांगणाऱ्या दांड्यांवरील नट फिरवून तो दूर करावा. मग पाती यंत्राच्या लांबीच्या दिशेने फिरवून पुढील व मागील टोके मोजावीत. बहुतेक यंत्रांत पुढील टोक मागील टोकापेक्षा ३ ते १० मिमी. खाली असावे लागते. तसे नसल्यास कापलेले गवत मागील बाजूस पुन्हा पात्यात सापडते व एंजिनावर भार वाढतो.

पाते वाकले आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या एका टोकाची उंची मोजून पाते अर्धा फेरा फिरवावे व त्याच जागी आलेल्या दुसऱ्या टोकाची उंची मोजावी. फरक ३ मिमी. हून अधिक असल्यास नवे पाते बसवावे. नव्या पात्यातही फरक कायम राहिला, तर दंड वाकला आहे किंवा त्याचा धारवा (फिरत्या दंडाला आधार देणारा भाग) झिजला आहे असे ठरते. वाकलेले पाते ठोकून सरळ करू नये किंवा त्यास सांधकाम करू नये. अशा पात्यात सूक्ष्म तडे राहतात आणि पूर्ण वेगात ते तुटल्यास त्याचा तुकडा गोळीसारखा उडून प्राणघातक ठरू शकतो. पाते चांगले असल्यास दोन्ही टोकांना सारखी धार लावावी व मधल्या छिद्रातून खिळ्यावर अडकवून तोल पाहावा. जड टोक खाली जाते. तोल नसलेल्या पात्याच्या कंपनाने धारवा लवकर झिजतो.

कापणीची पद्धती : यंत्र निर्दोष असूनही चालविण्याच्या चुकांमुळे कापणी असमान होते. एंजिन पूर्ण गतीवर ठेवून यंत्र मात्र सावकाश न्यावे, गवत कोरडे असताना कापावे आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. त्याहून अधिक कापल्यास यंत्रावर ताण पडतो व पाने कमी झाल्याने मुळांची वाढ खुंटते. कापणी संपल्यावर कवचाची खालची बाजू खरवडून स्वच्छ करावी. पूर्वी एकसारखे कापणारे यंत्र अचानक पायऱ्या सोडू लागले व त्याबरोबर कंपनही जाणवू लागले, तर ते तत्काळ थांबवून पाती व दंड तपासणे आवश्यक असते. कारण अशा वेळी असमान कापणी ही पाते किंवा दंड तुटण्याची पूर्वसूचना असू शकते.