पायाचा स्विच आणि त्याचा प्लग

जालन्याचे नाव निघाले की बियाणे आणि लोखंड या दोन गोष्टी आठवतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ची स्थापना केली, आणि बियाण्याचा धंदा या गावी चांगलाच रुजला. बियाण्याचे पोते यंत्रावर शिवणाऱ्या माणसाचे दोन्ही हात पोत्याच्या तोंडाशी गुंतलेले असतात. यंत्र चालू-बंद करण्यास उरतो तो पाय. म्हणून यंत्राला फूटस्विच लावावा असे मालकाच्या मनात येते, आणि मग बाजारात हाताला लागेल तो प्लग बसवला जातो. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या प्लगाविषयी.

सर्वांत सहज मिळतो तो घरातला तीन पिनांचा प्लग. आमच्या मते या कामी तोच सर्वांत वाईट. फूटस्विच म्हणजे दोन तारा आणि मधला खटका. पाय पडला की त्या तारा एकमेकींस मिळतात. हाच प्लग कोणी अजाणतेपणी भिंतीवरच्या सॉकेटात खोचला, तर पाय पडताच २३० व्होल्टचे फेज आणि न्यूट्रल थेट भिडतील. फ्यूज उडाला तर नशीब म्हणावयाचे. तेव्हा पहिली अट अशी, की प्लगाचा घाट भिंतीतल्या सॉकेटात बसताच कामा नये.

दुसरी गोष्ट मिस्त्री लोक नर-मादी म्हणतात ती. वीज जिकडून येते तिकडे, म्हणजे यंत्राच्या अंगी, भोकांचा भाग असावा; पिना फूटस्विचच्या केबलला. उलट केले तर प्लग काढल्यावर उघड्या पिनांत वीज खेळत राहते, आणि लोखंडाचा कीस उडणाऱ्या कारखान्यात तर तो कीसच पिना जोडून टाकतो.

आता मुख्य मुद्दा. अर्ध्या अश्वशक्तीची एकफेजी मोटर चालताना साधारण तीन-चार अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. हा धक्का दिवसातून शेकडो वेळा लहान खटक्यावर पडला, तर त्याचे स्पर्शबिंदू एकमेकांस चिकटतात. मग पाय उचलला तरी सुई थांबत नाही, आणि बोटे तर तिच्याशेजारीच असतात! यास्तव मोटरचा प्रवाह फूटस्विचमधून नेऊच नये. मोटर कॉन्टॅक्टरने चालवावी आणि त्याच्या कॉइलला ट्रान्सफॉर्मरमधून २४ व्होल्ट द्यावेत. फूटस्विचने एवढी कॉइलच चालू-बंद करावयाची. हा प्रवाह एक अँपिअरच्याही आत राहतो, आणि प्लगाची निवड सोपी होते.

अशा वेळी कित्येक जण ध्वनिक्षेपकाचा जॅक सुचवतात. ही वस्तू मूळ टेलिफोन एक्स्चेंजातली, वरचेवर काढण्या-घालण्यासाठी घडवलेली. पायाने केबल ओढली गेली की ती सुटते. त्याहून धातूचा गोल, आट्यांची कडी फिरवून आवळावयाचा प्लग घ्यावा. बाजारात त्यास ‘एव्हिएशन’ म्हणतात. त्यात खाच असल्याने तो उलटा बसत नाही. तिसरी पिन पेडलच्या लोखंडी पेटीच्या अर्थिंगला ठेवावी. केबल प्लगाच्या मागच्या पकडीत घट्ट धरलेली हवी, कारण नुसत्या डाखावर ताण आला की तार तुटते. धूळ फार असेल तर रबरी कडीचा प्लग दोन पैसे जास्त देऊन घ्यावा.

खटका पाय पडल्यावरच जुळणारा असावा, म्हणजे प्लग निसटला तर यंत्र आपोआप थांबते. पेडलवर छप्पर हवे. वरून पाना पडूनही यंत्रे सुरू होतात. मात्र पत्रा कापणाऱ्या प्रेसला नुसता फूटस्विच लावू नये. तेथे हात मोकळे राहतात आणि तेच पात्याखाली जातात. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागास कुंपण सांगितले होते. प्रेसवर आधी ते कुंपण, मग पेडल.