जुन्या सिंथच्या हाताखाली लॅपटॉप

यामाहा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ साली बाजारात आला. ६१ पट्ट्या, सुमारे १४ किलो वजन, गडद चॉकलेटी पत्र्याचं अंग आणि त्यावर हिरवट सपाट बटणांच्या रांगा. त्याचा काचेसारखा खणखणीत इलेक्ट्रिक पियानो तेव्हाच्या जगभरच्या सिनेमासंगीतात वाजला. आज तोच आवाज लॅपटॉपवर फुकट सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. मग दिवसभर कोड लिहून, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून घरी आलेल्या हौशी माणसाने एवढं धूड टेबलावर का मांडावं? माझं उत्तर सरळ आहे: त्याच्या पट्ट्यांसाठी. आवाज लॅपटॉपने काढावेत, हात मात्र जुन्या सिंथवर असावेत.

हे जमतं ते मिडी या यंत्रांच्या सामायिक भाषेमुळे. त्याआधी यंत्रं एकमेकांशी बोलत, पण आपापल्या घराण्यातच. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले, तेव्हा त्यांच्याकडे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं होती. तिन्ही एकाच रोलँड कंपनीची. ती रेकॉर्ड तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि परदेशातले लोक चकित झाले. या रेकॉर्डनंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९८३ मध्ये, अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ मिडीच्या एका केबलने जोडून दाखवले गेले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, एक भाषा. ती भाषा अजून तीच आहे, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपला सहज समजतो. मध्ये फक्त एक छोटा यूएसबी-मिडी इंटरफेस लागतो.

मिडी सेकंदाला ३१,२५० बिट पाठवतो. एका सुराचा संदेश तीन बाइटचा, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. आवाज उशिरा येतो अशी तक्रार असेल तर जुन्या यंत्राला दोष देऊ नका. लॅपटॉपमधला ऑडिओ बफर कमी करा. हिंजवडीच्या वाचकाला हे जास्त समजावून सांगायला नकोच.

डीएक्स-७ मध्ये खोडी मात्र आहेत. तो फक्त पहिल्या चॅनलवर पाठवतो. कितीही जोरात वाजवा, बळाचा (व्हेलॉसिटीचा) आकडा सहसा १२७ पर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरमधला पियानो जरा दबलेला वाटतो. तिथे व्हेलॉसिटीचा वक्र वर उचलून घ्यावा लागतो. स्वतःचा आवाज बंद ठेवून फक्त पट्ट्या वापरायची ‘लोकल ऑफ’ सोय मूळ मॉडेलमध्ये नाही. व्हॉल्यूमची पट्टी खाली ओढायची आणि लॅपटॉपकडून परत येणारी मिडी केबल काढून ठेवायची, एवढाच उपाय. नाहीतर प्रत्येक सूर दोनदा वाजतो आणि मूळच्या १६ आवाजांपैकी निम्मे वाया जातात. सगळ्याच जुन्या सिंथमध्ये बळ कळतं असंही नाही: ज्युनो-१०६ मध्ये मिडी आहे, पण हळू दाबा की जोरात, लॅपटॉपला फरक कळत नाही. मुख्य कीबोर्ड म्हणून तो मी घेणार नाही, सूर कितीही गोड असोत.

आपल्या संगीतासाठी मला पट्ट्यांच्या संख्येपेक्षा डावा हात महत्त्वाचा वाटतो. मींड पट्ट्यांमधून निघत नाही, हे पेटीवाल्यांना शंभर वर्षं ऐकवलं गेलंय. पिच बेंडचं चाक ती अडचण थोडीफार सोडवतं, पण नेहमीची दोन अर्धसुरांची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये वाढवून घ्यायला हवी आणि चाकावर रियाजही करायला हवा. डीएक्स-७ ला आणखी एक जोड आहे: ब्रेथ कंट्रोलरचं भोक. तोंडातल्या फुंकीचा जोर तो मिडीवरून पाठवतो. बासरी किंवा सनईचा सॅम्पल या फुंकीवर चढवला की सूर जसा फुलतो, तसा नुसत्या बोटांनी फुलत नाही. हलक्या स्वस्त कंट्रोलरांत ही सोय शोधून सापडत नाही.

घेण्याआधी मागच्या पाटीवरचं व्होल्टेज वाचा. जपानातून आलेलं यंत्र १०० व्होल्टचं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं की संपलं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आतली मेमरी सांभाळणारी लिथियम बॅटरी बोर्डवर डाग देऊन बसवलेली असते. ती बदलण्याआधी सगळे आवाज मिडीवरून लॅपटॉपवर उतरवून घ्या, मग नव्या बॅटरीसाठी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीची चक्कर मारा. बॅटरीसोबत सॉकेटही आणा, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंग नको. पावसाळ्यात न वापरता महिनोन्‌महिने झाकून ठेवू नका. दमट हवेने कॉन्टॅक्ट खराब होतात.

विकणाऱ्याच्या घरी जाताना लॅपटॉप आणि इंटरफेस सोबत न्या. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून स्क्रीनवरचे आकडे बघा. आकडे बदलत नसतील, किंवा दोन-चार पट्ट्या अचानक ओरडत असतील, तर पैसे मोजण्याआधी दुरुस्तीचा खर्च भावातून कापून मागा.