रशियाचे सहा गुंठे आणि आपली परसबाग

आज जरा लांबची गोष्ट सांगतो. रशियातल्या शहरी माणसाचं गावाबाहेर एक छोटं घर असतं, त्याला ते 'दाचा' म्हणतात. सोव्हिएत काळात १९४९ नंतर कामगारांना बागेसाठी अशा जागा मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या. एकेका कुटुंबाला साधारण सहाशे चौरस मीटर जागा मिळायची. आपल्या हिशेबात हे जवळपास सहा गुंठे. १९९० नंतर तिथं पगार थकले, महागाई भडकली, तेव्हा याच सहा गुंठ्यांतल्या बटाट्या-टोमॅटोवर कितीतरी घरांनी दिवस काढले.

तिथला माणूस खरेदी कशी करतो, ते बघा. बाहेर बर्फ असतानाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये तो बी आणतो. खिडकीत डब्यांत रोपं करतो आणि थंडी ओसरली की मे महिन्यात लावतो. जास्तीचं पिकलं की बरण्या भरून लोणची घालतो. आता नव्या पिढीला भाजीपेक्षा हिरवळ आणि फुलझाडं हवीत, ते वेगळं. पण हंगामाआधी, विचार करून खरेदी करायची ही सवय आपण घ्यावी अशी आहे.

कारण आपल्याकडं काय होतं? पहिला पाऊस पडला की आठवडी बाजारात जायचं आणि चित्र बघून पाकीट उचलायचं! दोन वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात एका गावात मी बचत गटाच्या बैठकीत परसबागेवर तासभर बोललो. महिलांनी मनावर घेतलं, गटाच्या पैशातून वीस घरांसाठी पाकिटं आणली. पंधरा दिवसांनी गेलो तर वाफे मोकळे. गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "साहेब, तुम्ही लावा म्हणालासा, पण कुठनं घ्यायचं ते सांगितलं न्हाईसा." पाकिटावर तारीख खोडलेली, पावती तर कुणी मागितलीच नव्हती. तक्रार कशाच्या जोरावर करायची? गटाचे पैसे गेले, हंगामही गेला. चूक माझीही होती. म्हणून आज कुठनं आणि कसं घ्यायचं, तेच सांगतो.

पाकीट आधी उलटं करा. वाण, लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवणशक्ती वाचा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. उगवणशक्ती टोमॅटो-वांग्याला किमान ७०, भेंडीला ६५, मिरचीला ६० टक्के पाहिजे. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करा. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे पावती देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पावती, रिकामं पाकीट आणि चिमूटभर बी जपून ठेवा. उगवलं नाही तर पंचायत समितीच्या कृषी विभागाकडं लेखी तक्रार द्या. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलंय, तेव्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे.

पेरण्याआधी घरीच परीक्षा घ्या. ओल्या गोणपाटात वीस बिया गुंडाळा, ओल टिकवा. आठ-दहा दिवसांत निदान तेरा-चौदा उगवल्या तर बी बरं समजा. मिरची जरा उशिरा उगवते, तिला चार दिवस जास्त द्या.

दुसरं, सगळंच बी विकत आणू नका. भेंडी, गवार, दोडका, कारलं थेट बियांनी लावा. वांगी, मिरची, टोमॅटो घरापुरते दहा-बारा झाडं लागतात, त्यासाठी पाकीट कशाला? रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपं घ्या. टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांचं, मिरचीचं ३५ ते ४० दिवसांचं बरं. संकरित वाणाचं बी घरी धरू नका, पुढच्या वर्षी फसगत होते. परभणी क्रांती भेंडीसारख्या सरळ वाणाचं मात्र निरोगी झाडावरचं बी धरता येतं. कुंड्याही विकत नकोत. फुटका डबा, सिमेंटचं पोतं चालतं, फक्त तळाला भोकं पाडा.

आता विक्रीची बाजू. इचलकरंजी, जयसिंगपूर, कोल्हापूरच्या गच्चीवरची माणसं कुंडी, माती, गांडूळखत पैसे मोजून घेतात. आपण शेणखत ट्रॉलीनं विकतो, पाच किलोच्या पिशवीचा विचारच करत नाही! एखाद्या गटानं सावलीच्या जाळीखाली रोपं आणि चाळलेल्या गांडूळखताच्या पिशव्या केल्या, तर उसाच्या बिलाची वाट न बघता घरात रोख पैसा येईल.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. बाजारात विनापावती बी विकणारा दिसला तर कृषी विभागाला कळवा, आणि मे महिन्याच्या ग्रामसभेत पाच मिनिटं या विषयाला द्या.

त्या वीस घरांनी पुढच्या हंगामात पावती घेऊन बी आणलं, आधी गोणपाटात तपासलं. परवा अध्यक्षांनी बांधावर बोलावून दोडक्याची जुडी हातात ठेवली. म्हणाल्या, "आता ल्हिवा पेपरात." म्हणून लिहिलं.