बाटलीत मुरणारी वाइन : जुन्या फ्रेंच रेडचा आढावा

फ्रान्समध्ये तयार होणारी बहुतेक रेड वाइन दोन-चार वर्षांत पिऊन संपवायची असते. ती जास्त ठेवली तर नुसती जुनी होते, मुरत नाही. वीस-तीस वर्षे टिकून चवीने काही कमावणाऱ्या वाइन मोजक्याच, आणि त्यांच्याही बाबतीत जुनी म्हणजे चांगली हे समीकरण फसवे आहे. ताज्या फळाची चव घालवून त्या दुसरेच काहीतरी मिळवतात. हा सौदा फायद्याचा ठरतो की नाही, हे द्राक्ष, जमीन, त्या वर्षीचा हंगाम आणि साठवण यांवर ठरते.

सारा खेळ टॅनिनचा आहे. द्राक्षाच्या साली व बिया, कधी देठ, यांतून ते वाइनमध्ये उतरते आणि लाळेतल्या प्रथिनांना चिकटते. म्हणून बोर्दो प्रदेशातली नवी रेड प्यायल्यावर कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते. सालीतून आलेली अँथोसायनिन ही रंगद्रव्ये बाटलीत हळूहळू टॅनिनशी जोडली जातात. बुचातून वर्षाकाठी जेमतेम मिलिग्रॅमभर ऑक्सिजन आत जातो, पण या कामाला तेवढा पुरतो. जड झालेले कण गाळ होऊन तळाशी बसतात, तुरटपणा मवाळ होतो आणि जांभळट लाल रंग माणकासारखा, मग विटकरी होत जातो. आम्लता मात्र जवळजवळ तेवढीच राहते. फळाचा गर ओसरला की तीच आम्लता उघडी पडते; जुनी वाइन काही वेळा रोडावलेली आणि आंबट लागते ती यामुळे.

वासाचा प्रवास अधिक रंजक. आरंभी काळ्या बेरीफळांचा वास असतो, ओकच्या पिंपातून आलेला व्हॅनिला आणि लवंग असते. पुढे सुके अंजीर, तंबाखू, देवदार, चामडे, ओली माती, अळंबी असे वास वर येतात. जुन्या बोर्दोत जाणवणाऱ्या ट्रफलच्या वासात डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त संयुगाचा वाटा असतो. तेच प्रमाणाबाहेर गेले तर शिजवलेल्या भाजीचा वास येतो.

मुरवण्याच्या बाबतीत पहिले नाव बोर्दोचे. जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरच्या मेदोकमध्ये काबेर्ने सोव्हिन्यों या जाड सालीच्या द्राक्षाचा जोर आहे, तर उजव्या तीरावरच्या पोमरोल आणि सेंत-एमिलियों भागांत मेर्लोचा. मेर्लो बहुधा लवकर मऊ होते. बर्गंडीच्या पिनो न्वारची साल पातळ. तिचा रंग आधीच फिका असल्याने केवळ रंगावरून वय ठरवणारा तिथे हमखास फसतो. ऱ्होन खोऱ्यातल्या एर्मिताजची सिरा द्राक्षाची वाइन दीर्घायुषी. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या अशक्त वाइनला बळ यावे म्हणून तीत एर्मिताज मिसळत, हे आज तिथे कोणी मोठ्याने सांगत नाही. भूमध्य किनाऱ्यावरच्या बांदोलमधली मूर्वेद्र द्राक्षाची वाइनही वीस वर्षे सहज काढते, आणि भाव त्या मानाने माफक.

हंगामाचे महत्त्व बोर्दोच्या तीन वर्षांवरून चांगले कळते. 1961 मध्ये वसंतातल्या थंडीने फुलोरा गळाला आणि पीक अगदी थोडे आले. जे उरले ते कोरड्या, उष्ण उन्हाळ्यात घट्ट पिकले. त्या वर्षीच्या उत्तम बाटल्या पुढे कित्येक दशके गाजल्या. 1975 च्या वाइनकडूनही मोठी आशा होती, पण टॅनिन इतके कठोर की ते नरम पडेपर्यंत अनेकींतले फळच सुकून गेले. 1982 ची गोष्ट उलटी. पीक भरपूर, वाइन पहिल्यापासून रसाळ, म्हणून ती टिकणार नाही असे काही जाणकारांचे मत पडले. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी तिची बाजू घेतली, आणि पुढे मेदोकमधल्या पोइयाकच्या नामवंत वाइननी त्यांना खरे ठरवले.

जुनी बाटली चाखण्याआधी ती दिवसभर तरी उभी ठेवतात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बुच ठिसूळ झालेले असते. मळसूत्री ओपनरने त्याचा भुगा होतो, म्हणून दोन पातळ पाती बाजूने सरकवून ते पिळत काढतात. मग बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून वाइन काचेच्या सुरईत एकाच संथ धारेने ओततात. मानेशी गाळाची काळी रेघ दिसली की थांबायचे. नव्या वाइनला तासन्‌तास हवा मानवते. चाळीस वर्षांच्या वाइनचा वास मात्र पेल्यात अर्ध्या तासातही विरू शकतो. पेला तिरका धरून पांढऱ्या कापडावर पाहिले की कडेचा विटकरी पट्टा दिसतो. तो जितका रुंद तितके वय अधिक. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष वयाचा नव्हे, ट्रायक्लोरोअॅनिसोल या बुचातून उतरलेल्या द्रव्याचा.

साठवणीला 12-13 अंश सेल्सियसचे स्थिर तापमान, अंधार आणि थोडा दमटपणा लागतो. मुंबई-पुण्यातल्या घरात बैठकीच्या कपाटात ठेवलेली महागडी बोर्दो दोन-तीन उन्हाळ्यांतच वाया जाते. तळघर उत्तम असले तरी एकाच पेटीतल्या दोन बाटल्या पंचवीस वर्षांनी सारख्या निघतीलच असे नाही, कारण प्रत्येक बुच हवा वेगळ्या प्रमाणात आत घेते.

जुनेपणी आपली वाइनच सरस ठरते, हा फ्रेंचांचा दावा एकदा जाहीरपणे तपासला गेला. 1976 मध्ये पॅरिसला स्टीव्हन स्पर्रियर यांनी नावे झाकून घेतलेल्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या रेड वाइनने बोर्दोवर मात केली. बोर्दोला वेळ द्या, मग बघा, असा युक्तिवाद तेव्हा झाला. तीस वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच रेड वाइन लंडन आणि नापा येथे पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाने घेतल्या. अव्वल आली 1971 ची रिज माँटे बेलो. बोर्दोतली सर्वांत वरची मूतों-रॉतशिल्द सहावी आली, आणि ती 1970 सालची होती, म्हणजे वाईट हंगामाची सबबही उरली नाही.