संगणक सुरू न झाल्यास : निदान, चिकित्सा आणि नोंदींचे रक्षण



२०१८ च्या पावसाळ्यात एका सकाळी नागोठण्यातील आमच्या चिकित्सालयाचा संगणक सुरू झाला नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीतील एक ओळ उमटे आणि यंत्र तेथेच थांबे. बाहेर रुग्ण खोळंबले होते. आम्ही यंत्र दुरुस्तीस पाठविले. संध्याकाळी ते परत आले तेव्हा उत्तम चालत होते; मात्र अकरा वर्षांच्या रुग्णनोंदी व औषधसाठ्याचा हिशेब त्यात नव्हता. तंत्रज्ञाने हार्ड डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने घातले होते. आपल्याकडे प्रत आहे, अशा समजुतीत आम्ही निश्चिंत होतो. ती प्रत त्याच डिस्कच्या ‘डी’ विभागात होती व तीही पुसली गेली. दोष एकट्या तंत्रज्ञाचा नव्हे. काय राखावयाचे हे आम्ही त्यास सांगितलेच नव्हते.

पुढील महिन्यात पालीकडील एक जुने रुग्ण सांधेदुखीसाठी आले. भल्लातकाचा कल्प लिहून होत असतानाच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टर, मागं यांना बिब्बा उतला होता. तुम्हीच ते औषध बंद केलं होतंत.” ती नोंद गेलेल्या नोंदींतच होती. त्या माउली सोबत आल्या नसत्या तर काय झाले असते, या विचाराने आजही आम्ही अस्वस्थ होतो. प्रस्तुत लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे.

लक्षणांवरून निदान

निदानपंचकाची शिस्त येथेही उपयोगी पडते. एका वेळी एकच बदल करावा व परिणाम पाहावा. उपशयाने परीक्षा करतो तसेच हे आहे.

१) दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही : दोष बहुधा विद्युतपुरवठ्यात असतो. त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहावे. मग यूपीएस, वायर आणि संगणकाच्या पाठीमागील एसएमपीएसचे बटण तपासावे. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे व पुन्हा प्रयत्न करावा.

२) पंखा फिरतो, पडदा कोरा : प्रथम मॉनिटरची वायर पाहावी. ती ठीक असल्यास रॅमचा संशय घ्यावा. कोकणच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी टोकांवर थर साचतो. वीज पूर्ण बंद करून, हात धातूच्या भागाला लावून, रॅम काढावी. टोके स्वच्छ खोडरबराने हलके पुसून ती घट्ट बसवावी.

३) कंपनीचे चिन्ह दिसते, पुढे ‘डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाची सूचना येते : पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय ते पाहावे. घड्याळ मागे गेले असल्यास मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला असून त्यामुळे मांडणी बदललेली असू शकते. डिस्कची वायर सैल असणे हेही कारण संभवते. ही कारणे नसतील तर डिस्कच आजारी आहे असे समजावे.

४) विंडोज अर्ध्यावर थांबते : नवे सॉफ्टवेअर वा अपडेट हे निदान असू शकते. लागोपाठ दोन-तीन वेळा सुरुवात फसल्यास विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पर्याय देते. त्यातून सेफ मोडमध्ये जाता येते. नव्या यंत्रांत बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आजच कागदावर उतरवून ठेवावी.

आत्ययिक अवस्था

डिस्कमधून टकटक वा खरखर आवाज आल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. ‘आणखी एकदा पाहू’ हा मोह घातक आहे. फिरत्या तबकडीपासून वाचक टोक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ते टेकले तर प्रत्येक प्रयत्नागणिक तबकडी अधिक खरवडली जाते. डिस्क घरी उघडू नये. पुरात भिजली असल्यास विजेला जोडू नये, उन्हात वाळत घालू नये. माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी. एसएसडी तर बहुधा कोणताही आवाज न करता बंद पडते. तेथे पूर्वरूपाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आवाज नसला तरी क्रम एकच : प्रथम माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी, नंतर दुरुस्ती. डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्राम तिच्यावर लिहितात. आजारी डिस्कला तो श्रम सोसवेलच असे नाही. यंत्र दुरुस्तीस देताना पावतीवर लिहून घ्यावे : ‘परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये.’

नोंदींचे रक्षण

जाणकार ‘तीन-दोन-एक’ असा नियम सांगतात. माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. यातील शेवटचा अंक आपल्या जिल्ह्यात सर्वांत मोलाचा आहे. २४ जुलै १९८९ रोजी याच अंबा नदीने जांभूळपाड्यात हाहाकार माजविला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडातील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात ठेवली. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले. अंबेचे पाणी नागोठण्याच्या बाजारपेठेत शिरणे हे तर आम्हांस नवे नाही. संगणकाशेजारच्या कपाटातील प्रत संगणकाबरोबरच भिजते. रोह्यास ठेवावी तर तेथे कुंडलिका! म्हणून एक प्रत पुण्या-मुंबईच्या आप्तांकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात असावी.

व्यवहारात पुढील पथ्ये आम्ही पाळतो :

• दोन बाह्य डिस्क आहेत. एका आठवड्यात एक, दुसऱ्या आठवड्यात दुसरी. प्रत होताच डिस्क काढून ठेवतो. जोडून ठेवलेल्या डिस्कला विजेचा झटका वा खंडणीखोर व्हायरस संगणकासह गाठतो. मे २०१७ च्या वॉनाक्राय प्रकरणात ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाजही विस्कळीत झाले होते.
• हिशेबाचे व रुग्णनोंदीचे सॉफ्टवेअर बंद करून मगच प्रत घेतो. डेस्कटॉपवरील चित्र ही केवळ वाट दाखविणारी खूण आहे. तिची प्रत म्हणजे माहितीची प्रत नव्हे.
• इंटरनेटवर आपोआप जुळणारा फोल्डर पुरेसा मानत नाही. येथे पुसलेले तेथेही पुसले जाते.
• डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवतो व तिला पासवर्ड लावतो. रुग्णाची गुप्तता प्रतीसही लागू आहे.
• महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर प्रत उघडून दहा रुग्णांच्या नोंदी वाचून पाहतो. न तपासलेली प्रत म्हणजे न पारखलेले औषधी द्रव्य होय.

फार्मसीमालकांनी यात बॅच नोंदी व लेबलांचे आराखडेही धरावेत. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, हेही ध्यानी असावे.

आणखी एक सुधारणा आम्ही केली. ज्या द्रव्याचा रुग्णास पूर्वी त्रास झाला, ते रुग्णाच्या हातातील केसपेपरवर लाल शाईने लिहितो. पालीच्या त्या गृहस्थांच्या कागदावर आता ‘भल्लातक वर्ज्य’ असे ठळक लिहिलेले आहे. ती नोंद वाचण्यास संगणक लागत नाही.

संगणक बिघडणारच; पैसे मोजून दुसरा आणता येतो. अकरा वर्षांचे रुग्णवृत्त कोणत्याही दुकानात मिळत नाही. हा अंक मिटण्यापूर्वी आपली शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे व ती कोठे आहे, एवढे प्रत्येकाने पाहावे, ही नम्र विनंती.