तेल फिल्टर करण्याआधी ट्रान्सफॉर्मरची ही एक टेस्ट करून घ्या

ज्यांच्याकडे एचटी कनेक्शन आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय.

दरवर्षी कॉन्ट्रॅक्टर येतो, तेलाची बीडीव्ही टेस्ट करतो. आकडा कमी आला की तेल फिल्टर, मग आकडा चांगला, बिल मंजूर आणि तुम्ही निर्धास्त. पण बीडीव्ही म्हणजे तेल किती व्होल्टेज सहन करतं, एवढंच. ओलावा आणि कचरा त्यात कळतो. आत ठिणगी पडतेय का, हे कळत नाही. ते सांगतात तेलात विरघळलेले वायू, आणि त्यांची टेस्ट म्हणजे डीजीए.

होतं काय, की तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या. ठिणगीने त्या तुटतात आणि तुकड्यांचे वायू बनतात. कोणता वायू जास्त, यावरून बिघाडाचा जोर ओळखायचा. बारीक डिस्चार्ज असेल तर मुख्यतः हायड्रोजन, सोबत थोडा मिथेन. एखादा जोड सैल होऊन तेल खूप तापत असेल तर इथिलीन. आणि आर्क पेटला की ॲसिटिलीन. हो, वेल्डिंगवाल्याच्या सिलिंडरमधलाच! तो भरपूर बनायला ७०० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं. नुसत्या ओव्हरलोडने तेल तिथवर जात नाही, म्हणून रिपोर्टमध्ये ॲसिटिलीन दिसला की ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणू नका. (ऑन लोड टॅप चेंजर असेल तर त्याचं तेल मुख्य टाकीत झिरपत नाही ना, हे आधी तपासा. तिथे आर्क रोजचाच असतो.)

बुखोल्झ रिले आहे की, असं काहीजण म्हणतील. पण तेलात न मावलेला वायू वर साठला, की मग तो अलार्म देतो. डीजीए त्याच्या बरंच आधी बोलते.

आता खरी गोम. फिल्टर मशीन व्हॅक्यूमवर चालतं, ते ओलाव्याबरोबर हे वायूही ओढून घेतं. म्हणजे पुरावाच साफ! बिघाड मात्र जागेवरच. म्हणून सॅम्पल फिल्टर करण्याआधी, तेही काचेच्या हवाबंद सिरिंजमध्ये. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नेलं तर हायड्रोजन वाटेतच उडून जातो.

एका रिपोर्टवर घाईने निर्णय घेऊ नका, आकडे वाढतायत का आणि किती वेगाने, ते बघा. लॅबला आयएस १०५९३ प्रमाणे निष्कर्ष लिहून मागा. आणि यंदाच्या वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ घालाच: ‘डीजीए सॅम्पल फिल्ट्रेशनच्या आधी, मालकाच्या माणसासमोर.’