किलोवॅटी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेकडो किलोवॅटचे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर मैदानभर रचलेल्या स्पीकरसाठी बनवले जात, हा सर्वांत रूढ गैरसमज आहे. प्रत्यक्षात असे महाकाय अ‍ॅम्प्लिफायर रेडिओ ट्रान्समीटरच्या पोटात असत. मीडियम वेव्हच्या प्रक्षेपणात वाहक लहरीची उंची आवाजानुसार कमी-जास्त करावी लागते; यालाच मॉड्युलेशन म्हणतात. जुन्या पद्धतीत ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला जाणाऱ्या डीसी पुरवठ्यावरच आवाजाचा संकेत चढवला जाई. पूर्ण मॉड्युलेशनसाठी त्या डीसी शक्तीच्या निम्मी शक्ती ध्वनी-अ‍ॅम्प्लिफायरने, म्हणजे मॉड्युलेटरने, द्यावी लागते.

अमेरिकेतील सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्राने १९३४ ते १९३९ या काळात ५०० किलोवॅटने प्रक्षेपण केले. शेवटच्या टप्प्याची कार्यक्षमता सुमारे ७० टक्के धरली, तर तेथे साडेतीनशे किलोवॅटच्या आसपास ध्वनिशक्ती लागत होती. केंद्राचा आधीचा ५० किलोवॅटचा ट्रान्समीटर या नव्या यंत्रणेत केवळ पूर्वटप्प्याचे काम करी. मोठे व्हॉल्व्ह पाण्याने थंड ठेवले जात आणि ते पाणी ऊर्ध्वपातित असावे लागे. व्हॉल्व्हच्या प्लेटवर (धनाग्रावर) हजारो व्होल्टचा दाब असतो; साध्या पाण्यातील क्षारांमुळे वीज पाण्यातूनच वाहू लागेल.

एवढे यंत्र सतत पूर्ण शक्ती खाते, हाही गैरसमजच. मॉड्युलेटरमधील व्हॉल्व्ह बहुधा ‘क्लास बी’ पद्धतीने जोडीने चालत: एक संकेताचा वरचा अर्धा भाग हाताळी, दुसरा खालचा. निवेदक थांबला की प्लेटचा प्रवाह खाली येई, बोलू लागला की मीटरचा काटा उसळे. आवाजाचा संकेत डीसी पुरवठ्यावर चढवणाऱ्या मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या आणि वेटोळी इतकी थरथरत की शेजारी उभे राहून, स्पीकरविना, कार्यक्रम ऐकू येई.

या अ‍ॅम्प्लिफायरचा दुसरा उपयोग कंपन-चाचणीत झाला. चुंबकीय क्षेत्रातील वेटोळ्याला ध्वनिसंकेत दिला की त्यावर बसवलेला सुटा भाग हादरतो. रचना स्पीकरचीच, फक्त कागदी शंकू नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत क्षेपणास्त्रांचे भाग असे तपासताना अनेक किलोवॅटचे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर लागत.

संगीताच्या मंचावर आकडे फारच लहान असतात. १९६९ मध्ये आलेला अँपेगचा एसव्हीटी हा बास गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर ३०० वॅटचा होता आणि त्या काळी तो प्रचंड मानला गेला. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज, ही समजूत येथे हमखास भेटते. वॅट दुप्पट झाले की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला दहापट शक्ती लागते.

‘व्हॉल्व्हचा वॅट ट्रान्झिस्टरच्या वॅटपेक्षा मोठा’ असेही म्हणतात. वॅट एकच. मात्र क्षमतेपलीकडे ढकलल्यावर व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बहुधा हळूहळू विकृत होतो, ट्रान्झिस्टरचा एकदम. त्यामुळे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मर्यादेच्या थोडा पुढे चालवला तरी ऐकवतो. या निरीक्षणात तथ्य आहे. त्यावरून काढलेला शक्तीचा निष्कर्ष चुकीचा आहे.

व्हॉल्व्ह पूर्णपणे कालबाह्य झाले, हे अर्धसत्य आहे. १९७० च्या दशकापासून स्पंद-रुंदीवर आधारित मॉड्युलेशन आले आणि पुढे ट्रान्झिस्टरचे ट्रान्समीटर आले. त्यांनी अवजड ध्वनी-अ‍ॅम्प्लिफायर आणि मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर मागे टाकले. मात्र कण-त्वरकांत आणि कारखान्यांतील उच्च-वारंवारता तापनात मोठे व्हॉल्व्ह अजूनही वापरले जातात. तेथे ते रेडिओ वारंवारतेची शक्ती पुरवतात.